तुम्ही विचारलंत म्हणून: मोठी गाडी का विकली

“लांब फिरायला कोणती मोटरसायकल घेऊ?” हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. माझं उत्तर संपायच्या आत दुसरा येतो: “मग तुम्ही ती मोठी का विकलीत?” पहिल्याचं उत्तर आता पाठ झालंय. दुसऱ्याला मी आजवर काहीबाही सांगत आलोय. देखभाल परवडेना, टायर वेळेवर मिळेनात, कंटाळा आला. त्यातलं टायरचं थोडंफार खरं आहे.

सीसी, टॉर्क, सिंगल (एका सिलिंडरची) की ट्विन (दोन सिलिंडरची), हे सगळं विचारणाऱ्यांना माझ्याहून जास्त ठाऊक असतं. तुम्ही तक्ता करूनच येता. मीही केला होता, चौदा गाड्या आणि अकरा रकाने. वजनाचा रकाना त्यात होता आणि माझ्या गाडीपुढे २४८ किलो लिहिलेलंही होतं, पण मी ते वाचलं ते ‘हायवेला स्थिर राहील’ असं. आडवी पडली तर एकट्याला उभी करता येईल का, असा रकाना मला सुचलाच नाही. तेव्हाच्या मला कुणी हे विचारलं असतं तर तो म्हणाला असता, “पण पाडायचीच कशाला?” त्याचं हे म्हणणं मला अजूनही धड खोडता येत नाही.

माझी उंची ५ फूट ५ इंच. त्या गाडीची सीट ८५० मिलिमीटरवर. शोरूममध्ये बसलो तेव्हा पायांची बोटं जेमतेम टेकली. विकणारा म्हणाला, सवय होते. आणि झालीही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. दोन वर्षं ती मी कुठेकुठे नेली. दिवसाला ६०० किलोमीटर करूनही संध्याकाळी हात झिणझिणत नसत. तसं सुख मला नंतर मिळालेलं नाही.

आता तो दिवस. आजवर ज्यांना सांगितला त्यांना असा सांगितला: वळणावर खडी होती, समोरून ट्रक अंगावर आला, मी कडेला घेतली आणि पडलो. खडी होती. ट्रक नव्हता. मी फोटो काढायला थांबलो होतो.

गाडीचाच फोटो. मागे दरी, दरीत उतरलेले ढग आणि पुढे तिरकी उभी केलेली गाडी. रस्त्याची कड डावीकडे उतरती होती. मी थांबलो, सवयीनं डावा पाय खाली सोडला, आणि जमीन जिथे असायला हवी तिथे नव्हती. चार बोटं खाली होती. सपाटीवर जेमतेम पुरणारा पाय उताराला पुरणार नाही, यात काय मोठं गणित आहे? पण ते मला तेव्हा कळलं, तेही पायाला. गाडी कलताना एक क्षण असा असतो की त्याच्या अलीकडे ती मांडीवर पेलते आणि पलीकडे गेली की पहिलवानालाही आवरत नाही. तो क्षण गेल्यावर हात सोडून बाजूला व्हायचं असतं. मी आवरायला गेलो. त्यामुळे पाय तिथेच राहिला आणि डावीकडची सामानाची ॲल्युमिनियमची पेटी घोट्याच्या जरा वर येऊन बसली.

इंजिन चालूच होतं. उजव्या अंगठ्यानं लाल बटण दाबून ते बंद केलं, एवढं एक शहाणपण. सकाळीच टाकी भरली होती, २० लिटर. झाकणाच्या कडेनं पेट्रोल थेंब थेंब गळायला लागलं आणि इंजिनाची धग पोटरीपर्यंत येत होती. पाय ओढून पाहिला, पेटी ढकलून पाहिली. फोन हातातून उडून पडला होता, दिसत होता, पोचत नव्हता. गाडी कशी उचलायची ते मी चार जणांना शिकवलं होतं: पाठ गाडीकडे करायची, कुल्ले सीटला टेकवायचे, एक हात हँडलला, एक मागे, आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत जायचं. फक्त त्यासाठी आधी गाडीच्या बाहेर असावं लागतं.

वेळेचं भान राहिलं नाही असं मी लोकांना सांगतो. घड्याळ मनगटावर होतं. बावीस मिनिटं.

मग एका छोट्या गाडीवरून दोन पोरं आली. “काका, लागलं का फार?” म्हणत दोघांनी मिळून उचलली. मी कडेला बसून घोटा चोळत होतो तोवर एकानं विचारलं, “किती सीसीची आहे?” सांगितलं. मग त्यांनी आळीपाळीनं गाडीवर बसून फोटो काढले. राग आला होता, पण कोणत्या तोंडानं रागावणार?

हाड मोडलं नव्हतं. क्लचचा लिव्हर मात्र अर्ध्यातून तुटला होता. तो हँडलला धरणारा क्लॅम्प मी आवळून बसवला होता. जरा सैल ठेवला असता तर मार बसल्यावर लिव्हर फिरला असता, तुटला नसता. उरलेले १९० किलोमीटर दोन बोटांनी क्लच ओढत आणि सुजलेल्या पायानं गिअर टाकत काढले. नवीन लिव्हर यायला नऊ दिवस लागले.

पण गाडी त्यामुळे विकली नाही. नंतर चार महिने चालवली आणि त्या चार महिन्यांत मी थांबणंच सोडून दिलं. दरी दिसली की नजर आधी रस्त्याच्या कडेवर जायची. जमीन सपाट आहे का, वळवून घेता येईल का, आसपास माणूस आहे का. एका संध्याकाळी मुक्कामाला पोचलो तेव्हा लक्षात आलं की दिवसभरात फक्त पेट्रोल भरायला उतरलो होतो.

“म्हणजे घाबरलात!” हो. लिहून टाकलं. पुढे विचारू नका.

आताची गाडी १७५ किलोची, एका सिलिंडरची, दोन्ही तळपाय टेकतात. पेट्या गेल्या, कापडी पिशव्या आल्या. पायावर पडल्या तर दबतात तरी. टाकी १२ लिटरची आहे म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना सांगतो, ही लिटरला ३० देते आणि ती २० द्यायची. म्हणजे ३६० आणि ४००. चाळीस किलोमीटरसाठी मी आठ लिटर जास्तीचं, म्हणजे सहाएक किलो पेट्रोल छातीशी घेऊन हिंडत होतो. चेनला दर पाचसातशे किलोमीटरला तेल लागतं, ते दोन्हींना लागायचंच.

वाऱ्यापुढे मात्र ही गाडी हरते. वेग ८० वरून १२० वर नेला की हवेचा रेटा सव्वादोन पट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद जवळजवळ साडेतीन पट. ती या इंजिनात नाही. समोरून वारा असला की मी टाकीवर वाकून बसतो आणि मागून येणारे सगळे पुढे जातात. दोन तासांनी करंगळ्या बधिर होतात. हे मी पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात सहसा सांगत नाही.

तिथे मी टेड सायमनचं नाव घेतो: १९७३ साली ५०० सीसीच्या ट्रायम्फवरून निघाला, चार वर्षांत जगाला फेरी मारली, लाखभर किलोमीटर. समोरचा गप्प होतो. जुना मी होत नाही. तो म्हणतो, आणि एमिलियो स्कोटो? १९८५ ते १९९५, ७ लाख ३५ हजार किलोमीटर, आणि तेही ११०० सीसीच्या गोल्डविंगवरून. तो अवाढव्य धूड घेऊन दहा वर्षं हिंडला, तू एका फोटोपायी हरलास. यावर मी त्याला उंचीचं कारण देतो. तो हसतो.

आणि आता बायको म्हणतेय, पुढच्या खेपेला मीही येणार. दोघं आणि सामान, हिच्यावर जमणार नाही. मागच्या रविवारी एक ट्विन बघून आलो, २०५ किलो. तक्ता केला नाही. सीटवर बसलो, डावा पाय टेकवला आणि गाडी हळूहळू डावीकडे कलती करत गेलो, कुठपर्यंत पेलते ते बघायला. विकणाऱ्या पोरानं धावत येऊन मागचं कॅरिअर धरलं.