धाव

बाबांची तेरवी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी भंगारवाला आला. लाऊडस्पीकर लावलेला ऑटो, तोच तो रेकॉर्ड केलेला आवाज, आणि त्याची नजर थेट घरामागच्या सांधवाडीत गुरांच्या कोठ्याच्या भिंतीला टेकवलेल्या लोखंडी कड्यावर. उचलून न पाहताच म्हणे, "चौदा-पंधरा किलो भरन भाऊ, देता का?" अंदाज एकदम बरोबर होता त्याचा, मी मागाहून हिशेब करून पाह्यला.

ते कडं म्हणजे बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकाची धाव. पुण्या-मुंबईच्या लोकांना धाव म्हणजे क्रिकेटची नाहीतर पळण्याची वाटेल, पण आमच्या वर्धा जिल्ह्यात ज्याच्या घरी बंडी होती त्याला सांगावं लागत नाही. लाकडी चाकावरून बाहेरून जी लोखंडी पट्टी चढवतात ती धाव. ती आहे म्हणून आरे आणि पुठ्ठे, म्हणजे चाकाच्या आतल्या काड्या आणि घेराचे लाकडी तुकडे, एका जागी राहतात, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात चाकाचं सरपण व्हायचं.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते आणि घरची सुतारकी होती. म्हणजे साडेदहा ते पाच खडू, आणि सकाळी न संध्याकाळी वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार. 1934 चा जन्म. 1955 ला नोकरीला लागले तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर, आणि शाळा जनपद सभेची, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक संस्थेची. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात आम्ही मुंबई राज्यात गेलो, 1960 ला महाराष्ट्रात, आणि 1962 ला जिल्हा परिषद आली. बाबा सांगायचे, मी बदली मागितली नाही, राज्यंच बदलत गेली. 1992 ला अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले आणि त्यानंतर तेहतीस वर्षं पेन्शन खाल्ली, याचा त्यांना फार आनंद. बँकेतून आले की पासबुक आईच्या फोटोसमोर धरून म्हणायचे, "पाय, अजून देऊन रायले."

आमच्याकडं सेवाग्राम जवळ, त्यामुळे हाताला काम आणि डोक्याला शिक्षण ही गोष्ट म्हाताऱ्यांच्या बोलण्यात असायचीच. 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद झाली, गांधीजींनी तिथं नई तालीम, म्हणजे हस्तकामातून शिक्षण, मांडली. बाबा तेव्हा तीन वर्षांचे, म्हणजे त्यांचा काही संबंध नाही, पण पुढं ते मास्तर झाले तेव्हा वर्गात तकली होतीच. आणि मग त्यांचा आवडता जोक, शाळेत तकलीचं सूत आणि घरी गजाचं सूत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फळ्यावर बाबा सेंटीमीटर शिकवायचे, चांगले कडक शिकवायचे, चुकलं तर छडी, आणि घरी आल्यावर खाटेचा गात, म्हणजे बाजूचं लांब लाकूड, मोजताना "साडेपाच फूट तीन सूत." मेट्रिक पद्धत त्यांच्या घराचा उंबरठा काही ओलांडू शकली नाही.

मी सहावीत होतो तेव्हाचं सांगतो. विज्ञानात धडा होता, उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात. पुस्तकात गोळा आणि कड्याचं चित्र, शाळेत ना गोळा ना कडं. बाबांनी सगळा वर्ग उठवला आणि नाल्याच्या काठी नेला, तिथं लोहार एका चाकाला धाव चढवणार होता, चाक बाबांनीच केलेलं, बाभळीचं. चाक जमिनीवर आडवं, त्याचा मधला तुंबा खड्ड्यात, आणि बाजूला गोवऱ्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, यांचा ढीग. आधी बाबांनी थंडी धाव उचलून चाकावर ठेवायला लावली. बसेना.

"काय झालं बे?"

"लायनी हाय गुर्जी." म्हणजे लहान आहे.

"किती लायनी?"

मग सुतळी आली, चाकाला बाहेरून गुंडाळली, धावेच्या आतून फिरवली, आणि फरक निघाला सहा सूत. म्हणजे पाऊण इंच. एक पोट्टा हळूच म्हणाला की लोहाराचं माप चुकलं, आणि लोहार त्याच्याकडं असा पाहू लागला की पोट्टा माझ्या मागं लपला. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "चुकलं नाही, मुद्दाम कमी ठेवलं. बरोबर मापाची धाव कायच्या कामाची?"

मग धाव गोवऱ्यांत टाकली, वरून पऱ्हाट्या, आणि पेटवलं. लाल व्हायला किती वेळ लागला ते नाही आठवत, पण आम्ही सगळे गप होतो हे आठवते. तिघांनी सांडशीनं तिन्हीकडून धरून उचलली आणि चाकावर सोडली. आणि बसली! लाकडाचा एकदम धूर, कुठंकुठं जाळ, घणाचे चारदोन ठोके, आणि "पाणीऽ" असा लोहार ओरडला की आम्ही पोट्टे बादल्या घेऊन पळालो. चर्रर आवाज, वाफ, त्या वाफेत बाबांचा चष्मा पांढरा झालेला, आणि मग जे ऐकू आलं ते मी अजून विसरलो नाही. चाकाचे सगळे सांधे एकेक करून करकरत आत सरकत होते, जणू कोणी म्हातारा अंग चोरून बसतो आहे. बाबा चष्मा न पुसताच म्हणाले, "आयका. हे आकुंचन."

नंतर इंजिनियरिंगला गेल्यावर मी ते गणित करून पाह्यलं. लोखंड दर मीटरला, दर शंभर डिग्रीला सव्वा मिलिमीटरला जरा कमी वाढते. चार फुटी चाकाचा घेर पावणेचार मीटरच्या वर. पाचशे डिग्री तापवलं तर बावीस-तेवीस मिलिमीटर. आणि सहा सूत म्हणजे एकोणीस. म्हणजे बसायला जागा फक्त तीन-चार मिलिमीटर, आणि हे त्या लोहारानं सुतळीवर आणि डोळ्यावर काढलेलं, लॉग टेबल वगैरे काही नाही.

हे सहा सूत मला नंतर महागात पडले. मी नागपूरला होस्टेलवर होतो, घरी लिहायचो दीडशे पाठवा, मनीऑर्डर यायची एकशे चाळीसची. दर महिन्याला दहा कमी. मेसवाला ओरडायचा, मी चिडायचो, एकदा तर उपाशी राहीन असं लांबलचक पत्र लिहिलं, त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या त्या लाल शाईनं सुधारून पत्र परत आलं, आणि खाली एक ओळ, "सहा सूत कमी हाय. ताप जरासा, बसन." तेव्हा मला अजिबात हसू आलं नव्हतं. खरं सांगायचं तर आजही मला वाटते की ते दहा रुपये त्यांनी पाठवायला पाहिजे होते. गुरुजी म्हणून ते गावाला मोठे, पण घरच्या पोट्ट्याला त्यांच्याकडून ढील मिळालीच नाही कधी, शाळेत छडीही आधी मलाच, म्हणजे बाकीच्यांना वाटायला नको की घरचा आहे म्हणून सोडला.

मग टायरच्या बंड्या आल्या. रबरी चाक, लोखंडी आख, खडखड नाही, बैलाला हलकी. बाबांनी नाक वगैरे मुरडलं नाही, उलट म्हणाले बैलाचं बरं झालं. लोहार पोराकडं बुटीबोरीला निघून गेला. शाळेच्या निंबाला घंटा म्हणून तुटक्या धावेचाच तुकडा टांगलेला असायचा, तिथं विजेची बेल लागली, आणि लाइन गेली की पुन्हा तोच तुकडा. बाबा मग तिफणी, दारं, खाटा, आणि शेवटी शेवटी तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी करत बसायचे. नव्वदीत हात कापायचा, पण रंधा धरला की थांबायचा. डॉक्टरला दाखवलं तर तो म्हणे असं होते कधीकधी, गोळी लिहून दिली, ती बाबांनी खाल्ली नाही.

तर भंगारवाल्याला धाव दिली नाही. त्यात माझा मोठेपणा काही नाही, दादा द्यायला तयार होता आणि मी पण अर्धा तयार होतो, पण वहिनीनं त्या कड्यावर कारल्याचा वेल चढवलेला, ती म्हणाली वेलाले हात लावसान त पाहा.

त्याच दुपारी घरातली लहान पोरं बोअर झाली. पुतण्याच्या पोरानं माळ्यावरून नंदी खाली काढला, माझाच, पन्नास वर्षांचा, आणि ओढायला लागला तर मागचा एक पाय ल्याकल्याक हलायला लागला. मे महिना, शिवाय माळा चुलीच्या वर, लाकूड सुकून आकसलं असणार. पोरगा रडकुंडीला आला. फेविकॉल आण, खिळा ठोक, असे सल्ले सपरीत बसलेल्या सगळ्यांनी दिले, आणि मला मात्र एकदम आठवलं की उन्हाळ्यात चाकं अशीच ढिली पडायची, धाव खडखड वाजायची, आणि मग बाबा बंडीवाल्याला सांगायचे, "ठोकू नोको काही. नाल्यात उभी कर, लाकडाले पाणी पिऊ दे."

"आबाजी, बुडवता कायले त्याले?" पोरगा विचारतच होता, मी नंदी उचलून बादलीत ठेवला आणि रात्रभर राहू दिला.

सकाळी पाहिलं तर पाय घट्ट. हलवून पाहिला, ओढून पाहिला, एकदम पक्का. फक्त बाबांनी मागच्या पोळ्याला दिलेला तांबडा रंग सगळा बादलीत उतरला होता, आणि ती बादली वहिनीची पिण्याच्या पाण्याची होती.