तुम्ही विचारलंत म्हणून: कोड चालतोय, मग मॉडेल कशाला?

जळगाव-धुळ्याकडे जिनिंगची (कापसातून सरकी काढणाऱ्या गिरण्यांची) सॉफ्टवेअरं करणारी मुलं भेटली की हाच प्रश्न. कोड चालतोय, मग मॉडेल कशाला? मॉडेल म्हणजे सॉफ्टवेअर कसं चालेल याचा चित्रातला आराखडा. तो काढायची चित्रभाषा, यूएमएल, 1997 पासून प्रमाणित आहे, चौकटी आणि बाण तुम्हाला येतात, ते सोडतो.

एका काटा-पावतीचं सांगतो. मॉडेलमधला क्रम असा: भरलेली गाडी काट्यावर, ओलाव्याची नोंद, माल खाली, रिकामी गाडी काट्यावर, पावती. हमीभावाच्या खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत प्रमाणात कपात, त्यावर माल परत. मॉडेलमधून कोड आपोआप तयार व्हायचा. ट्रॉलीतला वरचा कापूस कोरडा, तळाचा ओला. म्हणून तीन ठिकाणी मीटर लावून सरासरी घ्यायची, ही सुधारणा एकाने त्या तयार फाइलमध्येच घातली. मॉडेल तसंच राहिलं. पंधरा दिवसांनी दुसऱ्याने मॉडेलमध्ये गाडीचा प्रकार जोडला, कोड पुन्हा काढला आणि सरासरी पुसली गेली. 8, 10, 12 अशा नोंदी. पावतीवर फक्त शेवटचे 12. कपात 2 ऐवजी 4 टक्के. वीस क्विंटलच्या ट्रॉलीमागे 40 किलो कापसाचे पैसे शेतकऱ्याच्या हातून गेले. चाचण्या पास होत्या, कारण त्यांत एकच नोंद घातलेली होती. चूक शेतकऱ्यानेच पकडली.

यात मॉडेलचा काय दोष? तयार होणाऱ्या फाइली वेगळ्या फोल्डरात ठेवा, त्यांना हात लावू नका. हाताने लिहायचं ते त्यांच्यावरून वारसा घेणाऱ्या क्लासमध्ये (त्यांचं सगळं घेऊन वर आपली भर घालणाऱ्या वेगळ्या भागात) लिहा. प्रत्येक बिल्डला (म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने बांधताना) कोड नव्याने काढून जुन्याशी ताडून बघा. फरक दिसला की बिल्ड थांबवा.

पण कोडवरून मॉडेल परत काढता येतं, असं मीच पूर्वी ठासून सांगायचो. ते अर्धंच खरं. क्लास मिळतात, फील्ड मिळतात; ‘ओलावा नोंदल्याशिवाय माल खाली नाही’ हा नियम चार इफमध्ये (‘जर-तर’ अटींत) विखुरलेला असतो आणि हाती लागतं फक्त ‘स्थिती = 3’. उलट काट्याचा आकडा स्थिर होईपर्यंत सिरियल पोर्ट (काटा संगणकाला जोडतात ती जागा) वाचत राहणं चित्रात काढलं, तर चित्र कोडपेक्षा मोठं होतं. ते कोडमध्येच राहू द्या.

कपातीचं सूत्र मात्र मी आजवर तीनदा मॉडेलमध्ये नेलं आणि तीनदा परत कोडमध्ये आणलं.