चार सुरांवर उभं हाबानेरा

आज दिवसभर फ्रेंच संगीतकार जॉर्ज बिझेच्या 'कार्मेन' या ऑपेरातलं (संगीतनाटकातलं) हाबानेरा, म्हणजे नायिका कार्मेनचं गाणं, डोक्यात घोळतंय. खाली चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं खर्जाचं वाद्य) डी, ए, एफ, ए एवढेच सूर घोळवत राहतो; ध्रुवपदात मेजर, म्हणजे उजळ स्वरपट्टी, आली की एफ तेवढा शार्प (अर्धा सूर वर) होतो, बस्स! वर चाल अर्ध्या-अर्ध्या सुरानं उतरते: डी, सी शार्प, सी, बी, बी फ्लॅट, ए. गाणारी घसरते ती इथेच. अर्धे सूर सुटे लागले नाहीत तर सगळी नुसती मींड होते. शिवाय दोनाच्या ठेक्यावर मध्येच तीनाची तुकडी येते. ती घाईत उरकली की कार्मेनची ऐटच जाते.

चाल मुळात स्पॅनिश संगीतकार इरादिएरची. बिझेला ती लोकगीत वाटली होती.

३ मार्च १८७५ला पॅरिसच्या ऑपेरा-कोमिक नाट्यगृहात 'कार्मेन'चा पहिला प्रयोग झाला. तालमींत कोरसमधल्या बायका कुरकुरत होत्या: सिगारेट ओढायची, भांडायचं आणि वर गायचंही! बरोबर तीन महिन्यांनी, ३ जूनला, बिझे गेला. वय अवघं ३६. ऑक्टोबरात व्हिएन्नाचा प्रयोग गाजला, तो त्याच्या वाट्याला आलाच नाही. त्यासाठी मित्र गिरोनं बोलके संवाद काढून गायनसंवाद घातले. मला मात्र मूळ संवादच हवेत. बोलता बोलता ती गाऊ लागते, तो क्षण त्यातच सापडतो.