जन्मठेप आणि पातळभाजी

"जन्मठेप म्हणजे काय? १४ वर्षं सरकारी जेवण! फाशीच द्यायला हवी."

म्हापशाच्या हॉटेलात पातळभाजीत पाव बुडवता बुडवता काका बोलले. आसपासच्या सगळ्यांच्या माना डोलल्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, काका, जन्मठेप मरेपर्यंतचीच. राष्ट्रपती-राज्यपालांची माफी सोडली, तर खुनासारख्या गुन्ह्यात १४ वर्षांआधी सोडता येत नाही, आणि नंतरही सुटका हक्काची नसते.

"मग काय, मरेपर्यंत पोसायचं?"

म्हणजे अडचण १४ वर्षांची नव्हतीच!

गंमत बघा. इथे गोव्यात १९६१पर्यंत राज्य केलेल्या पोर्तुगालने स्वतःकडे नागरी गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७मध्येच रद्द केली. मुंबई बॉम्बस्फोटांतल्या अबू सालेमलाही पोर्तुगालने २००५मध्ये फाशी न देण्याच्या हमीवरच भारताकडे सोपवलं. हे सांगेपर्यंत काकांची बस आली.

तुमच्या ओळखीत जन्मठेपेवर समाधानी असलेलं कोणी आहे?