रिगाच्या बाजारात शेपूचा वास

लाटवियाच्या राजधानीत, रिगामध्ये तीन दिवस होते आणि त्यातल्या दोन दिवशी सकाळी मी एकाच जागी गेले, सेंट्रल मार्केटला. म्युझियम वगैरे बघायचं राहिलं तर राहिलं. रेल्वे स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं, दाउगावा नदीच्या बाजूला, आणि लांबूनच त्या पाच कमानदार इमारती दिसतात, चार ओळीने आणि पाचवी त्यांना आडवी.

या कमानींची गोष्टच भारी आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने लाटवियात झेपेलिनसाठी, म्हणजे ती लांबलचक हवाई जहाजं असायची ना त्यांच्यासाठी, हँगर, म्हणजे ती ठेवायच्या प्रचंड शेड, बांधले होते. युद्ध संपलं, जर्मन गेले, हँगर तसेच पडून. मग रिगाच्या लोकांनी त्यांचे वरचे भाग सुटे करून शहरात आणले, खाली नवीन भिंती बांधल्या आणि १९३० मध्ये बाजार सुरू केला. आत उभं राहून वर बघितलं की छत इतकं उंच आणि खाली आजीबाई बटाटे निवडतायत! खाली तळघरं पण आहेत, माल थंड ठेवायला बांधलेली.

मांसाची, माशांची, दुधाची, भाज्यांची, प्रत्येकाची इमारत वेगळी. माशांच्या हॉलमध्ये धुरी दिलेल्या माशांचा वास दारातच येतो, सोनेरी रंगाचे मासे नीट रांगेत मांडलेले, आणि एका ट्रेमध्ये लँप्रे, दिसायला आपल्या वामसारखा पण हा वेगळाच प्राणी, याला जबडाच नसतो, तोंड नुसतं गोल. इथे तो भाजून जेलीत घालून खातात. मी खाल्ला, मांस घट्ट, जरा तेलकट, चव मस्त. दुधाच्या हॉलमध्ये एक पिवळसर चीज मिळालं, त्यात कॅरवे, दिसायला आपल्या शहाजिऱ्यासारखंच. जूनमध्ये यांचा यानी म्हणून मोठा सण असतो, सगळ्यात मोठा दिवस असतो तेव्हाचा, त्या रात्री हे चीज बिअरसोबत खातातच खातात. राय नावाच्या धान्याच्या पिठाची छोटी पारी, आत बटाटा आणि वर गाजर असं स्क्लांद्राउसिस पण घेतलं, थोडं गोड लागतं, मला दोन खावीशी वाटली.

पण मी अडकले ते लोणच्यांपाशी. मोठमोठ्या टबांत कोबी, काकड्या, लसूण, बीट, सगळं खारवून आंबवलेलं. एक आजी होत्या, डोक्याला रुमाल, हातात लांब काटा. मी म्हटलं "लाब्रीत", म्हणजे सुप्रभात, त्यांनी काही न बोलता कोबीचा झुपका उचलून कागदावर दिला, मग एक काकडी मधोमध चिरून अर्धी दिली. चावली आणि पहिल्यांदा आला तो शेपूचा वास. अगदी घरच्या शेपूच्या भाजीत येतो तोच! टबात वाकून बघितलं तर शेपूची अख्खी फुलं देठासकट पाण्यात, सोबत लसूण आणि काळ्या मनुकांसारखी फळं येतात त्या ब्लॅककरंटच्या झाडाची पानं. पानं कशाला म्हणून मी खुणेने विचारलं तर आजींनी काकडी कानाजवळ धरून कचकन मोडून दाखवली. पानांमुळे काकडी मऊ पडत नाही, कुरकुरीत राहते. एवढं सांगायला भाषा लागलीच नाही. नाहीतर तिथे लाटवियन आणि रशियन दोन्ही चालतात आणि मला दोन्ही येत नाहीत, येतं ते फक्त "पाल्दिएस", म्हणजे धन्यवाद.

मी शेपू खाणाऱ्या घरातली आहे, त्यामुळे मला तर आनंदाने काय करू असं झालं. घरापासून इतक्या लांब, अनोळखी शहरात, शेपू! अर्धा किलो काकड्या घेतल्या, बाहेर कालव्याच्या कडेला बसून राय ब्रेडसोबत खाल्ल्या, सोबत बर्चच्या झाडाचा रस, वसंतात पानं फुटायच्या आधी झाडाला भोक पाडून काढतात तो, आंबट-गोड.

दुसऱ्या दिवशी परत गेले. आजींनी मला लांबूनच ओळखलं आणि मी पोचेपर्यंत काकडी चिरून तयार ठेवली होती, या वेळी पूर्ण एक.