तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईलवर सगळंच येते, मग चित्रं कायले?

"ताई, मोबाईलवर सगळंच येऊन राहिलं, मग तुमची चित्रं कायले पाह्यजे?" कापसावर चित्रकथा बनवते म्हटलं की यवतमाळकडच्या गावांत हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे.

पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, पातीफुलावर (कळ्या-फुलांवर) आली की हवामानाचा इशारा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला, औषधाची जाहिरात, कुणाच्या तरी वावरातल्या किडक्या बोंडाचा फोटो, सगळं एकाच सकाळी येऊन पडतं. एक म्हणतो आजच फवारा, दुसरा म्हणतो आता उपयोग नाही. बरेचदा दोघंही खरंच सांगत असतात. एक गुलाबी बोंडअळीच्या पतंगाबद्दल बोलतोय, दुसरा बोंडात शिरलेल्या तिच्या अळीबद्दल. कास्तकाराजवळ माहिती भरपूर आहे, पण कशामागून काय होतं हे त्यातून हाती लागत नाही.

मी तो क्रम दाखवते. गुलाबी बोंडअळीची मादी पाती, फुलं, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अळी निघाली की लगेच बोंडात शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं. ते बुजणारं छिद्र मी पडदाभर मोठं काढते. बाहेरून बोंड हिरवंगार, आत अळी सरकी खातेय, वरून औषधाचे थेंब ओघळतायत. उशिराची फवारणी वाया का जाते, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. २०१७ साली विदर्भात या अळीने कापूस खाल्ला आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. वाया जाणारी फवारणी जिवावरही येते, म्हणून या एका चित्रावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेते.

पुढच्या चित्रात तीन रिकामे चौकोन. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावायचे, रोज सकाळी पतंग मोजून आकडा भरायचा. सलग तीन रात्री दर सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले, तर उपायाची वेळ झाली. हा निकष मेसेजमध्ये सगळ्यांनी वाचलेला असतो. पण स्वतःच्या वावरातला आकडा लिहिला की बोलणं बदलतं. "धुऱ्याकडच्या सापळ्यातच जास्त काहून?" मग नजर बांधापलीकडे, शेजारच्या आगाप (लवकर) पेरलेल्या पऱ्हाटीकडे जाते: पतंग तिथून येत असतील का? हा प्रश्न कास्तकाराचा स्वतःचा असतो, आणि माझ्या मते खरं शिकणं तिथून सुरू होतं.

नुसत्या पळत्या व्हिडिओवर माझा भरवसा नाही. तो पुढे जातो, माणूस मागे राहतो. माझी कथा अंगठ्याने सरकवायची, हवं तिथे थांबायचं. आणि अळी मोठी करून दाखवली, तर बाजूला तिचं खरं माप हवंच. नाहीतर लोक वावरात बोटाएवढी अळी शोधतात.

सध्या फरदडीवर, म्हणजे हंगामानंतरही उभ्या ठेवलेल्या पऱ्हाटीवर, काम चाललंय. डिसेंबरनंतर पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवली की आणखी एखाददोन वेचे मिळतात, ते लगेच दिसतं. अळ्या मात्र किडक्या बोंडांत, सरकीत सुप्त पडून राहतात आणि पुढच्या हंगामात त्यांचे पतंग नव्या पात्यांवर येतात, शेजाऱ्याच्याही. जानेवारीतला फायदा अन् पुढच्या पिकाचं नुकसान एका पडद्यात मावत नाही. म्हणून आडवी लांब पट्टी काढतेय: महिने ओळीने, वरच्या रांगेत तुमचं वावर, खालच्या रांगेत शेजाऱ्याचं.