आंब्यावरचं बांडगूळ

“हिरवं दिसतंय म्हणून झाड बरं हाय, असं नसतंय ताई.”

आज सकाळी फांदीला कोयता लावता लावता माळीमामा म्हणाले. मी ओरडलेच, “अहो, नुसतं बांडगूळ तोडा ना!” त्यांनी कापलेला तुकडा माझ्या हातात दिला. चिकटलं होतं तिथे मुठीएवढी गाठ. गाठीच्या पुढची फांदी वाळून काटकी झालेली. वरवर तोडलं तर आत मुरलेलं पुन्हा फुटतं.

आपल्याकडे याचं चिकट बी फुलटोच्या पक्षी फांदीवर पुसून जातो. हिमालयातल्या कैल पाइनवर याचं दूरचं, बुटकं भावंड असतं. सालीबाहेर जेमतेम काही मिलिमीटर, बाकी सगळं झाडाच्या आत! त्याच्या जातीत फळात पाण्याचा दाब वाढतो, फळ फुटतं आणि बी ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडून शेजारच्या झाडाला चिकटतं.

सोलापूरच्या उन्हात या एका आंब्याचाच काय तो आधार. इतकी वर्षं त्याच्या सावलीत चहा पितेय, पण मान वर करून नीट पाहिलं नव्हतं. दुपारभर तेच डोक्यात आहे.

अजून दोन फांद्या राहिल्यात. मामा रविवारी येतील.

तुमच्या दारातल्या झाडावर आहे का हो?